मागच्या बाजूचं चित्र

मस्कत,
१८ ऑगस्ट २००२

प्रिय ललिता,

खोकं आज निघालं. कार्गोवाला म्हणाला, तीन-चार आठवड्यांत पवननगरला दारात आणून देतो. एकट्याला उचलणार नाही, म्हणून दिनेशला त्या दिवशी घरी थांबव. खोक्यावर लाल बाण आहेत, त्यांचं तोंड वरच राहू दे.

आत काय आहे ते सांगून टाकतो, नाहीतर तू उघडून बघशील. डीव्हीडी प्लेयर आहे, त्याच्या जोडीला रिसीव्हर आहे, पाच छोटे स्पीकर आणि एक मोठा ढब्बू. प्लेयर सीडी वाचतो आणि रिसीव्हर त्यातला आवाज सगळ्या स्पीकरांना वाटून देतो. रुवीच्या बाजारात दुकानदाराने मला खुर्चीवर बसवलं आणि एक देखावा लावला. ललिता, आगगाडी माझ्या पाठीमागून आली आणि डाव्या कानाजवळून पुढे गेली! मनमाडला तुमच्या क्वार्टरच्या मागून जायची ना, अगदी तशी. मी मान वळवली तर मागे नुसती भिंत. माझा खोलीतला सोबती निवृत्ती, नामपूरचा, त्याने लगेच तसाच सेट घेतला. त्याचा पुढच्या महिन्यात निघेल.

आता ऐक. खोकं उघडायचं नाही. दिवाळीला मी येतोय आणि सगळ्या वायरी मी माझ्या हाताने जोडणार. सातपूरच्या कंपनीत नऊ वर्षं पॅनल बांधले, इथे आख्ख्या सिमेंट प्लांटचं वायरिंग माझ्या हाताखालून जातं, पण आपल्या घरात मी काय केलं म्हणशील तर एक पंखा लावला. या वेळी सगळ्यांना बसवून, आईला मधोमध बसवून, बटण मी दाबणार.

आईचं काय चाललंय? परवा फोन केला तर परत तसंच. "बरा हायेस ना? बरं. बरं. ठेव आता." मी विचारलं, गुडघा कसा आहे, तर म्हणते, "हो, जेवले." माझं ऐकूनच घ्यायचं नाही तिला. अण्णांचं वर्षश्राद्ध व्हायच्या आत मी इकडे निघून आलो, तो राग तीन वर्षं झाली तरी गेलेला नाही. तुझ्याशी काही बोलली असेल तर लपवू नकोस.

तुझा
महेश


नाशिक,
१४ सप्टेंबर २००२

अहो,

खोकं पोचलं. टेम्पो आपल्या गल्लीत वळेना, तेव्हा कोपऱ्यापासून पाच जणांनी हातावर आणलं. पाचही जणांनी विचारलं, आत काय आहे. मी म्हटलं, दिवाळीला कळेल. एवढं ऐकून ते गेले तर नाहीतच, उलट सगळ्यांना चहा करावा लागला.

आतल्या भिंतीशी ठेवलंय, बाण वर करून. वर चादर घातली आहे आणि चादरीवर पिको-फॉलच्या साड्यांचा गठ्ठा. सणांमुळे काम इतकं आलंय की मशीनवरून उठले की डोळ्यांपुढे टाकेच दिसतात. दिनेशभाऊजी केबलच्या ऑफिसातून आले की खोक्याभोवती एक फेरी मारतात. म्हणतात, "वहिनी, नुसतं झाकण उघडून बघू. अख्ख्या पवननगरला केबल मी ओढली, मला काय कळत नाही का?" मी साड्या उचलू देत नाही.

आईंना वाटलं फ्रीज आला. म्हणाल्या, "एक हाय ना, दुसरा कशापायी?" मी कानाशी जाऊन सांगितलं, गाण्याचं यंत्र आहे. तर म्हणाल्या, "मग मला काय त्याचं."

आई तुमच्यावर रागावलेल्या नाहीत. हे मी शपथेवर लिहिते. बाकी काय ते तुम्ही आल्यावर बोलू, पत्रात नको.

दिवाळीला किती तारखेला पोचता ते लवकर कळवा. चकल्यांची भाजणी मी तुम्ही आल्यावरच दळून आणणार आहे.

तुमची
ललिता


मस्कत,
३ ऑक्टोबर २००२

प्रिय ललिता,

दिवाळीला येणं होत नाही. इथे दुसरी भट्टी सुरू होतेय. साहेब म्हणाले, महेश गेला तर पॅनलकडे बघणार कोण. मान मोठा आहे, पण सुट्टी गेली. भाजणी दळून आण, माझी वाट बघू नकोस.

खोकं उघडा. दिवाळीत ते झाकून ठेवण्यात अर्थ नाही. सोबत चित्र पाठवतोय. परत दुकानात गेलो, सेट नीट पाहिला आणि खोलीवर येऊन दोन संध्याकाळी बसून काढलं. रिसीव्हरची मागची बाजू मोठी काढली आहे. लाल वायर लाल शाईने, काळी काळ्या शाईने. स्पीकरच्या वायरी रंगाला रंग जुळवून बसवायच्या. एक बारीक काळी वायर वेगळी आहे. तिच्यातून वीज जात नाही, उजेड जातो, आणि त्या उजेडातून आवाज. ती दुमडायची नाही. तिचं एक टोक प्लेयरच्या चौकोनी भोकात आणि दुसरं रिसीव्हरच्या डावीकडच्या चौकोनी भोकात. तिथे मी गोल केला आहे.

जोडणी दिनेशला करू दे. तू मागच्या वायरींना हात लावू नकोस. विजेचं काम आहे.

सगळं लागलं की पहिली सीडी कोणती लावायची ते सांगतो. प्लेयरच्या पेटीत कागदी पाकीट आहे, वर 'आई' लिहिलंय. आमच्या ऑफिसातल्या केरळच्या मुलाने संगणकावर करून दिली. माझं बोलणं आहे, वीस मिनिटांचं. फोन ती ठेवून देते. सीडी कशी ठेवून देईल?

तुझा
महेश


नाशिक,
२ नोव्हेंबर २००२, धनत्रयोदशी

अहो,

लागला! आधी तेवढं लिहिते, मग बाकीचं.

दिनेशभाऊजी रविवारी सकाळी तुमचं चित्र भिंतीला चिकटवून बसले ते चार वाजले तरी उठले नाहीत. टीव्हीवर चित्र लख्ख आलं, पण आवाज म्हणाल तर डास गुणगुणावा इतकाही नाही. तीनदा सगळं काढून परत लावलं. शेवटी म्हणाले, "माल डुप्लिकेट आहे. दादाला फसवला." आणि चहा न घेता गेले. मला त्यांच्या रागाचं काही वाटलं नाही, पण "दादाला फसवला" हे लागलं. सोमवारी साड्या बाजूला ठेवल्या आणि मी बसले. तुम्ही हात लावू नको म्हणाला होता, तरी लावला. रागवायचं तर रागवा. एक वायर नीट बसली नव्हती, ती बसवली. बाकी चित्र तुमचं बरोबर होतं.

आता आईंचं. मी जे पत्रात लिहिणार नव्हते तेच लिहिते.

आईंना फोनवर काही ऐकू येत नाही. काही म्हणजे काहीच नाही. तुम्ही गेलात त्याच्या दुसऱ्या वर्षापासून. कानाचं यंत्र आणलं, ते शिट्ट्या मारतं म्हणून त्यांनी काढून ठेवलं. कानाशी जाऊन ओरडलं तर कळतं. बूथवर फोन कानाला लावून त्या अंदाजाने बोलतात. तुम्ही काय विचारलं असेल ते ठरवतात आणि उत्तर देतात, आणि पकडलं जायच्या आत म्हणतात, "ठेव आता." मला शपथ घातली होती. म्हणाल्या, "पोरगं तिकडं एकलं हाय. माझ्या कानाचं त्याच्या डोक्याला कशापायी?"

तर मी त्यांना पुढच्या दोन स्पीकरांच्या मध्ये खुर्चीवर बसवलं आणि तुमची सीडी लावली. आवाज वीसवर ठेवला, काही नाही. तीसवर, काही नाही. त्या माझ्याकडे बघून हसत होत्या, मला वाईट वाटू नये म्हणून. पंचेचाळीसवर खिडकीची काच वाजायला लागली आणि आईंनी हात वर केला.

"महेश हाय," म्हणाल्या.

मग खुर्ची पुढे सरकवून बसल्या. तुम्ही वर्षश्राद्धाचं बोलत होता. "आई, तू माझ्यावर रागावलीस ना?" असं म्हणून तुम्ही मध्येच थांबला आहात, आठवतं? तेवढ्या जागेत त्यांनी स्पीकरला उत्तर दिलं. "नाय रे बाबा. कदी? नाय रागावले." तुम्ही पुढचं बोलायला लागलात तरी त्या तेच म्हणत होत्या. मला रडू आवरेना. तेवढ्यात कळलं की पंचेचाळीसवर तुमचं सगळं बोलणं गल्लीभर चाललंय. समोरच्या अक्काबाई गॅलरीत पदर डोळ्याला लावून उभ्या होत्या. मी धावत खिडक्या लावल्या.

आईंनी ती सीडी आतापर्यंत सहा वेळा ऐकली आहे. प्रत्येक वेळी त्याच ठिकाणी उत्तर देतात.

तुमची
ललिता


मस्कत,
२१ नोव्हेंबर २००२

प्रिय ललिता,

तुझं पत्र दुपारच्या सुट्टीत मिळालं. वाचलं आणि घडी करून खिशात ठेवलं. परत वाचलं. जेवलो नाही. तीन वर्षं मी काय समजत होतो आणि काय होतं! "हो, जेवले." मी त्याच्यावर रागावलो होतो गं.

संध्याकाळी निवृत्तीला वाचून दाखवलं. तो म्हणाला, महेश, तुझ्या आईला तुझा आवाज तुझ्या चित्राने ऐकवला. खरं सांगू? छाती फुगली. तू हात लावलास त्याचा राग कसला? वायर बसवणं सोपं. ती कुठे बसवायची हे कागदावर नीट सांगणं, तेही दोन हजार किलोमीटरवरून, ही खरी करामत.

आता कॅम्पात माझ्या चित्राचा बोलबाला झालाय. निवृत्ती धरून चौघांनी तोच सेट घेतला, माझ्याकडे ठेवलेल्या नकलेची चौघांना मी झेरॉक्स करून दिली. एक सिन्नरला गेली, एक पार गोरखपूरला. निवृत्तीने तर चित्राला प्लास्टिकचं आवरण घालून नामपूरला पाठवलं. त्याच्या घरी वास्तुशांत आहे, त्याच दिवशी सेट सुरू करणार आहेत. मी चित्राखाली सही केली आहे.

आईला सांग, दुसरी सीडी करतोय. या वेळी मध्ये जास्त जागा सोडतो.

तुझा
महेश


नाशिक,
१५ डिसेंबर २००२

अहो,

हे पत्र लिहायला बसले त्याला तीन दिवस झाले. दोन कागद फाडले. आता जे होईल ते होवो.

गेल्या सोमवारी नामपूरहून शेजारच्या दुकानात फोन आला. निवृत्तीभाऊंच्या मंगलाबाई. म्हणाल्या, "ताई, वास्तुशांत गुरुवारी आहे. दोन दिवस झाले, चित्र समोर ठेवून लावतोय, आवाज येत नाही. तुमच्याकडे चाललं म्हणतात. तुमच्याकडे कसं चाललं?"

मी काय सांगणार होते? फोनवर सांगता आलं असतं, डावं नाही, उजवं. पण मग त्या म्हणाल्या असत्या, चित्र चुकलंय. आणि चित्राखाली तुमची सही आहे. मी म्हटलं, मी येते.

हो, चित्र चुकलंय. मी तुम्हाला खोटं लिहिलं.

काय झालं होतं ते सगळं सांगते. त्या सोमवारी मी मशीनचा दोरा अडकल्यावर करते तेच केलं. सुईपासून मागे मागे जायचं, रिळापर्यंत, कुठे अडकलाय ते सापडतंच. आधी रिसीव्हरवर रेडिओ लावला. आकाशवाणी नाशिक लागली, खणखणीत. म्हणजे स्पीकर चांगले, रिसीव्हर चांगला. टीव्हीवर चित्र येत होतं, म्हणजे प्लेयर चांगला. मधे राहिली ती एक उजेडाची वायर. तिचं रिसीव्हरकडचं टोक काढून तळहातावर धरलं, तर हातावर लाल ठिपका पडला. म्हणजे वायरही चांगली. मग मी ती जिथून काढली त्या भोकात वाकून बघितलं. आतून तसाच लाल उजेड बाहेर येत होता! दोन्हीकडून उजेड येतोय, मग घेणार कोण? शेजारच्या भोकात बघितलं तर अंधार. त्याच्याखाली बारीक अक्षरांत 'इन' लिहिलेलं, आणि तुम्ही गोल केलेल्या भोकाखाली 'आउट'. ती अक्षरं मी आधीही वाचली होती. पण कंपनीच्या अक्षरापेक्षा मी तुमच्या अक्षरावर विश्वास ठेवला होता. वायर अंधाराच्या भोकात घातली आणि घर दणाणलं.

तुमची चूक कशी झाली तेही मला समजलं आहे. तुम्ही दुकानात समोरून ओणवे होऊन मागे बघितलं असणार. वरून वाकून बघताना डावं ते उजवं होतं. मी मागे मांडी घालून बसले होते. एवढाच फरक.

तेव्हा लिहिलं नाही, कारण तुम्ही दोन संध्याकाळी बसून ते काढलं होतं. दिवाळीला येता आलं नाही म्हणून काढलं होतं. त्यात चूक आहे हे मी धनत्रयोदशीच्या पत्रात कसं लिहायचं? मला वाटलं, एका घराचं तर आहे, कुणाला कळतंय.

नामपूरला आईही माझ्याबरोबर आल्या, ऐकेनात. सटाण्याला गाडी बदलली. पुढे कांद्याच्या ट्रॅक्टरांची रांग लागली होती, तिच्यात तासभर अडकलो. पोचलो तर लोडशेडिंग. चार वाजता लाईट आली आणि काम झालं, पाच मिनिटांचंच होतं. निवृत्तीभाऊंची म्हातारी आई भिंतीला टेकून बसली होती. आवाज आला तशी टाळी वाजवून त्यांच्या बोलीत म्हणाली, "बोलनं व माय, बोलनं!" म्हणजे यंत्र बोललं. वास्तुशांत चांगली झाली.

बाकीच्या तीन घरांनाही कळवा. निदान गोरखपूरला, ते लोक कोणाला विचारणार?

मला जे बोलायचं ते बोला. न बोलता राहू नका.

तुमची
ललिता


मस्कत,
३ जानेवारी २००३

ललिता,

पत्र मिळालं. तिन्ही घरांना कळवलं आहे. चित्राची मूळ प्रत तुझ्याकडे आहे, ती फाडून टाक.

आईची तब्येत सांभाळ.

महेश


मस्कत,
११ जानेवारी २००३

प्रिय ललिता,

मागचं पत्र चुलीत घाल. हे त्याच्या पाठोपाठच मिळेल, तुझ्या उत्तराची वाट बघायचा धीर नाही.

तुझं पत्र वाचून आठ-दहा दिवस मी कुणाशी धड बोललो नाही. चित्र चुकलं याचं वाईट वाटलं, ते खोटं कशाला सांगू. बारा वर्षं मी हे काम करतो आणि डावं-उजवं चुकलो. पण त्याहून जास्त टोचलं ते हे, की तू मला सांगायला घाबरलीस. मी बायकोला चूक सांगता येणार नाही असा माणूस आहे का, असं विचारत होतो, आणि उत्तर हो असं येत होतं.

मग काल शुक्रवारी, जेवणाच्या हॉलमध्ये निवृत्तीने मंगलाबाईंचं पत्र मोठ्याने वाचून दाखवलं. आमच्याकडे घरचं पत्र आलं की चांगलं तेवढं सगळ्यांना वाचून दाखवतात. ते ऐकून मला कळलं की तू मला नामपूरचं अर्धंसुद्धा लिहिलेलं नाहीस.

तिथला टीव्ही दुरुस्त करणारा माणूस तू येण्याआधीपासून बसला होता म्हणे. तुला बघून म्हणाला, "बाईमाणसाला यातलं काय कळणार? नाशिकहून एवढ्या लांब कशाला आणलं?" तू पदर खोचलास, सेटच्या मागे जाऊन बसलीस, रेडिओ लावून बघितलास. चूक सापडल्यावर वायर स्वतः घातली नाहीस. त्याच माणसाला जवळ बोलावलंस, आत वाकून उजेड दाखवलास आणि म्हणालीस, "दादा, आता तुम्ही घाला. पुढच्या वेळी गावात कुणाचं अडलं तर तुम्हीच लागणार." त्याने घातली, आणि आवाज आला तेव्हा घरातले लोक त्याच्याकडे नाही, तुझ्याकडे बघत होते. मंगलाबाईंनी लिहिलंय, त्या माणसाने जाताना तुला हात जोडले.

आणि हे सगळं तू "काम झालं, पाच मिनिटांचंच होतं" एवढ्यात संपवलंस.

निवृत्ती वाचायचा थांबला. कुणीतरी म्हणालं, महेश, पण चित्र तर तुझं होतं ना? सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी ताटावरून उठलो. म्हटलं, चित्र माझं होतं आणि ते चुकीचं होतं. मी समोरून बघून काढलं, तिने मागे बसून दुरुस्त केलं. तिला कुणी शिकवलेलं नाही. ती साड्यांना पिको-फॉल करते, आणि ती माझी बायको आहे. ललिता, त्या हॉलमध्ये दीडशे माणूस जेवत होतं. शेवटचं वाक्य मी गरजेपेक्षा मोठ्याने म्हणालो. केरळचा तो मुलगा उभा राहून टाळ्या वाजवायला लागला आणि मग सगळेच.

तेव्हा आता मला तुझ्या हातचं चित्र पाठव. तू मागे बसून बघतेस तसं. सोबत सुईपासून मागे जायची तुझी पद्धतही लिही, पहिल्यापासून शेवटपर्यंत. इथे अकरा जणांनी सेट घ्यायचं ठरवलंय आणि त्यांना माझं चित्र नको आहे. खाली सही तुझी, पूर्ण नावाने.

तू एक लपवलंस, मीही एक लपवलं. दिवाळीची सुट्टी मला मिळाली होती. भट्टी सुरू होणार होती हे खरं, पण साहेब म्हणाले होते, जाऊन ये. मीच नको म्हणालो. आई दारात तोंड फिरवेल या भीतीने मी इथे राहिलो. घरी यायची हिंमत नव्हती, म्हणून बसून चित्र काढलं. तेही चुकलं, ते एका अर्थी बरंच झालं.

मे महिन्याचं तिकीट काढलं आहे. बारा तारखेला सहार विमानतळ, सकाळी.

तुझा
महेश


नाशिक,
६ मार्च २००३

चि. महेश यास आईचे आशीर्वाद.

दिनेश लिहितोय, मी सांगतेय. ललिताला लिहायला सांगितलं नाय. कारण तिचंच सांगायचंय, आनि ती स्वतःचं अर्धं गाळती.

(दादा, नमस्कार. आई सांगेल तसंच्या तसं लिहायचं, अशी अट आहे. लिहिलेलं परत कानाशी वाचून दाखवावं लागतंय. दिनेश.)

तुझं पत्र तिनं मला वाचून दाखवलं. शेजारी तीन घरांना ऐकू गेलं आसंल, जाऊ दे. दिवाळीचं वाचलं तेव्हा मी तिला म्हनले, थांब. तेवढं परत वाच. येड्या, तोंड फिरवाया तू कोन परका हाय का? तुझा बाप गेला तेव्हा घरात कमवनारं कोन व्हतं? तू गेला म्हनून घर उभं ऱ्हायलं. मी कुनावर रागवू?

आता हिचं ऐक. तुला चित्र काढून धाडलं ते मिळालं आसंल. तीन दिवस काढत व्हती. एक कागद मागच्या बाजूचा, आनि एक कागद नुसता लिहिलेला, आदी काय बघायचं, मंग काय बघायचं. झेरॉक्सच्या दुकानात गेली तर तिथं एक मानूस उभा व्हता. त्याचं कॉलेज रोडला असल्याच यंत्रांचं दुकान हाय. त्यानं कागद हातात घेतला, उलटा-सुलटा केला आनि म्हनला, "हे कुनी काढलं?" ती म्हनली, मी. दुसऱ्या दिशी घरी आला. म्हनला, आमची मानसं लोकांच्या घरी जाऊन वायरी लावून येत्यात, मंग लोकांचे फोन येत्यात की आवाज येत नाय. तुमी याल का?

दिनेश म्हनला, वहिनी कशी जाईल लोकांच्या घरी?

(हे मी म्हणालो होतो, खरं आहे. दिनेश.)

मी म्हनले, जाईल. नामपूरला मी डोळ्यांनी बघितलंय. जाताना गाडीत हिच्या तोंडावर घाम व्हता. मी इचारलं, भ्या वाटतं का? तर म्हनली, आई, मला चित्राची चूक काढायचं भ्या वाटतं, कामाचं नाय. आनि तिथं गेल्यावर त्या मानसानं तिला तसं म्हनलेलं मला ऐकू आलं नाय, पन त्याचं तोंड दिसलं. तोंडावरनं मला समदं कळतं. मी उठनारच व्हते. हिनं मला हातानं बस म्हनून खुणावलं, आनि मग जे केलं ते केलं. तेव्हापासून मी हिच्या मधे पडत नाय.

आता आठवड्याचे तीन दिस जाती. गंगापूर रोड, इंदिरानगर, एकदा पार ओझरला. पिको-फॉलचं बाकीच्या दिवशी. दिनेश गाडीवर सोडतो.

(आणि पिशवीही मीच धरतो. दादा, वहिनी रिसीव्हरच्या मागे बसली की दोन मिनिटं कुणाशी बोलत नाही, फक्त वायरीवरून बोट फिरवते. मी केबलमध्ये आठ वर्षं आहे. असं बघणारं माणूस मी पाहिलेलं नाही. हे आईने सांगितलेलं नाही, माझं आहे. माल डुप्लिकेट नव्हता, तेही माझ्याकडून कबूल. दिनेश.)

मागं एका डॉक्टरच्या घरी गेली व्हती. डॉक्टरनं स्वतः लावलं व्हतं, चारदा. हिनं लावून दिल्यावर इचारलं, तुमचं शिक्षन काय? ही म्हनली, बारावी, मनमाड. घरी येऊन मला सांगत व्हती आनि हसत व्हती. मी किती वर्सांनी तिला तशी हसताना बघितली.

आता माझं एक.

गेल्या आठवड्यात मी सायखेड्याला गेले व्हते, एका लग्नाला. कुसाबाई भेटली. तीच तुझी चुलती, तिला मानसापरीस मानसाच्या पगाराची खबर जास्ती. ष्टँडावर माझ्या कानाशी आली आनि वरडून इचारलं, "काय गं चिमणे, तुझा महेश काय करतो आता मस्कतला?"

मी म्हनले, थांब, सांगते, पन आदी माझ्या सुनंचं ऐक. आनि मी पयल्यापासून सांगाया लागले. खोक्याचं, चित्राचं, नामपूरचं, डॉक्टरचं. लाल उजेड कसा हातावर पडला ते सांगितलं. ष्टँडावरच्या दोन बाया उठून जवळ आल्या ऐकाया. डॉक्टरनं शिक्षन इचारलं इथवर आले, आनि कुसाबाईची निफाडची यष्टी लागली. ती पळाली.

तुझं सांगायचं राहूनच गेलं. मे महिन्यात येशील तेव्हा तूच सांग तिला.

तुझी आई
चिमणाबाई